सुटकेची तारीख

“साहेब, पाच वर्सं म्हंजी कवा सुटनार त्यो?”

वेल्ह्याकडच्या एका वाडीतून आलेले आबा भोरमधल्या वकिलांना हे विचारतात, तेव्हा टेबलावर मुलाच्या निकालाची नक्कल असते. जाड बाड, पण आबांच्या कामाचं शेवटचं पान. पाच वर्षं सक्तमजुरी, दहा हजार दंड, न भरल्यास आणखी तीन महिने. सुटकेची तारीख मात्र कुठेच नाही. न्यायाधीश मुदत सांगतात, तारीख सांगत नाहीत. तारीख पुढे तुरुंगात काढली जाते आणि ती बदलतही राहते.

वकील कोरा कागद पुढे ओढून विचारतात, “आबा, पोलिसांनी नेला तो दिवस आठवतोय?”

“आवनी चालली व्हती. दिवाळीच्या आधी जामिनावर आला.”

आबांचं वर्ष भाताच्या आवणीपासून आवणीपर्यंतचं. कायद्याचं तसं नाही. 1860 च्या दंड संहितेत वर्ष आणि महिना ब्रिटिश कॅलेंडरप्रमाणे मोजावा असं लिहिलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तिथे ग्रेगोरियन कॅलेंडर आलं. नाव बदललं, मोजमाप तेच. त्यामुळे तीन महिन्यांची शिक्षा 1 फेब्रुवारीला सुरू झाली तर (लीप वर्ष नसेल तेव्हा) 89 दिवसांत संपते आणि 1 जुलैला सुरू झाली तर 92 दिवस लागतात. तीन दिवसांचा फरक बाहेरच्याला किरकोळ वाटेल. आत बसलेल्याला विचारा.

आवणी ते दिवाळी हा काळ आबांच्या दृष्टीने वाया गेलेला, पण हिशोबात तो सगळ्यात मोलाचा. खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. ही वजावट 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 428 ने आली; आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 468 मध्ये आहे. अट एकच, कोठडी त्याच गुन्ह्याच्या प्रकरणातली हवी. निकालाबरोबर तुरुंगाकडे जे शिक्षेचं वॉरंट जातं, त्यात हे दिवस लिहिलेले असावे लागतात. वॉरंटाची प्रत वकिलांनी मागवून घेतली होती. त्यांनी ती शेजारी बसलेल्या माझ्याकडे सरकवली. नाव, कलम, शिक्षा, दंड, सगळं टापटीप. वजावटीचा रकाना कोरा.

“आता अर्ज करायचा,” वकील म्हणाले. अटकेचा कागद आणि जामिनाचा आदेश जोडून दिवस भरून घ्यायचे. हे कोणाच्या लक्षातच आलं नसतं, तर पोरगा तेवढे महिने फुकट बसला असता.

मग दंड. दंडाऐवजी भोगायची कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही, ती संपल्यावर सुरू होते. कोठडीची वजावटही तिला लागू नाही. दोन गुन्ह्यांच्या शिक्षा एकदम भोगायची मुभा न्यायालय देऊ शकतं. दंडाच्या कैदेला ती सवलत मिळत नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. पण दंडाचा काही भाग भरला तर त्या प्रमाणात ही कैद कमी होते. आबांनी दोन शेळ्या विकायचं तिथेच बोलून दाखवलं. माझ्या मते हा कायद्याचा सगळ्यात उघडा भेदभाव आहे. ज्याच्या खिशात दहा हजार आहेत त्याची शिक्षा तीन महिन्यांनी लहान.

यानंतर माफी. चांगली वर्तणूक आणि केलेलं काम यांवर महिन्याकाठी काही दिवस जमा होतात आणि शिक्षेच्या शेवटून कापले जातात. संजय दत्त 25 फेब्रुवारी 2016 रोजी येरवड्यातून काही महिने आधी बाहेर आला, तेव्हा वशिल्याची ओरड झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ते आधीचे महिने याच माफीचे होते. ती तशी नियमात बसणाऱ्या प्रत्येक सिद्धदोष बंद्याच्या खात्यावर साठत असते. आबांना असं काही खातं असतं हेच ठाऊक नव्हतं.

खरा घोळ होतो तो सुट्टीचा. पावसात आबांच्या घराची मागची भिंत बसली. राज्याच्या तुरुंग रजेच्या नियमांत घर कोसळणं, पूर, आग, जवळच्या माणसाचं आजारपण किंवा मृत्यू ही पॅरोलची, म्हणजे अभिवचन रजेची, कारणं आहेत. अर्ज बसत होता. पण वकिलांनी आधी सांगितलं, “आबा, हे दिवस पुढं भरायला लागतील.” फर्लो म्हणजे संचित रजा, ती तुरुंगात काढलेल्या काळावर मिळते, कारण लागत नाही आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलचे धरले जात नाहीत. महिनाभर पॅरोलवर घरी राहिलं की सुटका महिनाभर लांबते. गोव्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी पॅरोलचा काळही चौदा वर्षांत मोजा अशी मागणी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 5 जानेवारी 2023 रोजी ती नाकारली.

रजा कुठलीही असो, चौकशी गावात येते. ठाण्याचा हवालदार, पोलीस पाटलाचा जबाब, जामीन राहणारा नातेवाईक. वेल्ह्याच्या वाड्या एवढ्याएवढ्याशा, फिर्यादीचं घर समोरच्याच आळीत. “शांतता भंगण्याची शक्यता” एवढा एक शेरा पुरतो. म्हणून आबांनी पत्ता मुलीच्या सासरचा दिला, नसरापूरच्या बाजूचा, आणि जावई जामीन राहिले. परत जायला एक दिवस उशीर झाला तरी जमलेली माफी कापली जाऊ शकते, हे जावयांना दोनदा बजावलं गेलं.

एवढ्यात शेजारच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “जन्मठेप असती तर चौदा वर्षांत सुटला असता, मोजायची कटकट नाही.” हा समज सह्याद्रीएवढा जुना आणि तेवढाच पक्का. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेंनी हाच हिशोब सर्वोच्च न्यायालयात मांडला होता. 2,963 दिवसांची माफी जमली आहे, प्रत्यक्ष भोगलेल्या काळात ती मिळवली की वीस वर्षं भरतात, तेव्हा सोडा. 12 जानेवारी 1961 रोजी न्यायालयाने उत्तर दिलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. वीस वर्षांचा आकडा फक्त शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरता. सोडायचं की नाही हे सरकारने ठरवायचं. गोडसे सुटले ते 1964 मध्ये. चौदा वर्षांची अट कायद्यात 1978 मध्ये आली आणि तीही उलट्या अर्थाने: फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारलाही मुदतपूर्व सोडता येत नाही. चौदा हा उंबरठा आहे, त्याच्या पलीकडे दार उघडेलच असं नाही.

वकिलांच्या कागदावर शेवटी तारीख आली. आबांनी ती जावयाकडून मोबाइलमध्ये लिहून घेतली, “पन पॅरोल मिळाला तर?” असं विचारून. वकिलांनी तारखेपुढे प्रश्नचिन्ह काढलं.

तुमच्या घरातलं, गावातलं कोणी आत असेल तर शिक्षेच्या वॉरंटाची प्रत काढा आणि वजावटीचा रकाना भरलाय का ते आधी बघा. रजेचा अर्ज करताना तो फर्लोचा आहे की पॅरोलचा हे विचारूनच अंगठा उठवा. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. कोठडीत असलेल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.