पाया बालवाडीतच भरावा

पहिलीचा वर्ग घेताना दरवर्षी दिसते : बालवाडीत गाणी-गोष्टींत रमलेले मूल प्रश्न विचारते, परक्या भाषेत अक्षरे घोकून आलेले गप्प बसते.

बालवाडीचा ठसा किती टिकतो? अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ साली पेरी बालशाळेचा प्रयोग सुरू झाला. गरीब घरांतील १२३ मुलांपैकी ५८ जणांना बालशाळा मिळाली. त्यांच्या बुद्ध्यंकातील वाढ काही वर्षांत ओसरली. पण पुढे शालेय शिक्षण पूर्ण करणारे त्यांच्यातच अधिक निघाले. तिथे घोकंपट्टी नव्हती. मुले आपला खेळ स्वतः ठरवीत, नंतर त्याविषयी बोलत.

असे मोकळे बोलायला भाषा घरचीच लागते. कन्नड, इंग्रजी पुढे अवश्य यावी. पण सीमाभागातील मराठी शाळांचा पट टिकवायचा, तर पालकहो, आधी गावची बालवाडी टिकवा.