धोक्याच्या नकाशावरची रेषा

धोका-नकाशा (पूर, दरड किंवा त्सुनामी कुठवर पोचेल याचा अंदाज दाखवणारा नकाशा) पाहताना रेषेच्या आत धोका आणि बाहेर सुरक्षितता, असा अर्थ सर्रास काढला जातो. प्रत्यक्षात ती रेषा मागच्या नोंदी आणि काही गृहीतके यांवरून आखलेली असते. गेल्या वर्षीच्या मापाने शिवलेला गणवेश मुलाला यंदाही बसेलच असे नाही, तसेच हे आहे.

जपानमधील कामाइशी शहरात उनोसुमाई प्राथमिक शाळा आणि शेजारची माध्यमिक शाळा या दोन्ही रेषेबाहेर होत्या. ११ मार्च २०११ रोजी त्सुनामीने त्या बुडवल्या. शाळेतून पळालेली मुले मात्र वाचली. तोशिताका कातादा या अभ्यासकाने तिथल्या शाळांमध्ये अनेक वर्षे तीन गोष्टी शिकवल्या होत्या: अंदाजावर विसंबू नका, त्या क्षणी शक्य ते सगळे करा, इतरांची वाट न पाहता आधी स्वतः निघा. मोठी मुले धावत सुटली. त्यांना पाहून लहान मुलेही निघाली. आसऱ्यासाठी ठरलेल्या ठिकाणामागचा कडा ढासळलेला दिसताच ती आणखी उंचावर गेली. नंतर ते ठिकाणही पाण्याखाली गेले. नकाशापेक्षा डोळ्यांसमोरचा कडा महत्त्वाचा मानणे, हेच त्या शिक्षणाचे खरे यश.

महाराष्ट्रातील नद्यांची लाल पूररेषाही सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते. त्याहून मोठा पूर तिच्यापलीकडे जातो.