डिफेंडर: नवी की जुनी?
१९४८ साली शेतकामासाठी निघालेल्या लँड रोव्हरची वंशज डिफेंडर आज बंगळूरमध्ये वैभवाचे लक्षण मानली जाते. शहरातील वाहनांच्या कोंडीत तिचे सामर्थ्य बहुधा निजूनच असते. २० लाखांवरील नव्या गाडीवर कर्नाटकात १८ टक्के आजीवन कर आणि वर उपकर पडतो. त्यामुळे पुण्यामुंबईची वापरलेली गाडी आणण्याचा मोह होतो. परंतु परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे, नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. शिवाय येथील कर गाडीच्या वयानुसार घटला, तरी चुकत नाही. गाडी मात्र उचलून, खालून पाहावी. हवेच्या स्प्रिंगांवर उंचावलेली डिफेंडर ९०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. ती खरोखरच गेली असेल, तर चिखल आणि गंज तेथेच सापडतात.