उंच बैठकीची लहान मोटार



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, किमान वेतन किंवा संप यांविषयी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी आज मोटारीविषयी बोलणार आहे. हमालांच्या आणि ड्रायव्हरांच्या कार्यकर्त्याने हा विषय का घ्यावा, असे कोणाला वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यातील खाऱ्या पाण्याने आणि मूत्रपिंडाच्या विकाराने किती घरे पोळली आहेत, हे वरवट बकालच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. आमच्या संघटनेतील एका वयस्क हमालाला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी शहरात न्यावे लागे. पहिल्यांदा भाड्याने मिळाली ती एक बसकी मोटार. तीत शिरताना त्याला कमरेत वाकावे लागे, बसल्यावर गुडघे छातीशी येत, आणि परतल्यावर दोघांनी धरून त्याला बाहेर काढावे लागे. पुढे आमच्याच एका ड्रायव्हरने वॅगन-आर घेतली. तिच्या दाराशी हा म्हातारा पाठमोरा उभा राहिला आणि आपण ओट्यावर टेकतो तसा सहज मागे बसला. म्हणाला, "भाऊ, या गाडीत वाका लागत नाही. जलमभर वाकलो, आता नाही होत."

त्या वाक्याने मला विचारात पाडले. ही बैठक कोणी उंच केली? का केली? गाडी इतकी लहान असून आत इतकी जागा आली कोठून? वाचनालयातून आणि गॅरेजवाल्या मित्रांकडून जे मिळाले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या गोष्टीचा आरंभ जपानात, १९४९ साली होतो. महायुद्धात तो देश होरपळून निघाला होता. लोखंड कमी, पेट्रोल कमी आणि लोकांच्या हातात पैसाही कमी. अशा वेळी तेथील सरकारने मोटारींचा एक वेगळा वर्ग ठरवून दिला. जपानी भाषेत 'केई' म्हणजे हलके. म्हणून या वर्गाच्या गाड्यांना केई गाड्या म्हणतात. नियम मापाचा होता: गाडीची लांबी, रुंदी, उंची आणि इंजिनाचे आकारमान या मर्यादेच्या आत ठेवा, म्हणजे कर हलका पडेल. पहिली मर्यादा इतकी तंग होती की चार चाकांची उपयोगी मोटार तीत बसणे कठीणच होते. म्हणून ती पायरीपायरीने सैल करण्यात आली. १९५० च्या दशकाच्या मध्यास इंजिनाची मर्यादा ३६० सी.सी. झाली, १९७६ साली ५५० आणि १९९० साली ६६०. १९९८ पासून लांबी ३.४० मीटर आणि रुंदी १.४८ मीटर अशी ठरली. ही शेवटची वाढ मुख्यतः टकरीच्या वेळी आतील माणसांचा बचाव व्हावा म्हणून दिलेली होती. उंचीची मर्यादा मात्र दोन मीटर होती ती तशीच राहिली. ही दोन मीटरची गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता इंजिनाकडे वळू. सुझुकीची 'सुझुलाइट' १९५५ साली निघाली आणि 'सुबारू ३६०' १९५८ साली. दोन्हींत टू-स्ट्रोक इंजिन होते. ज्यांनी जुनी राजदूत किंवा लुना चालवली आहे त्यांना हे इंजिन समजावण्याची गरज नाही. त्यात दट्ट्याच्या वर-खाली होण्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, म्हणून लहान इंजिनातूनही जोर चांगला मिळतो. झडपांची गुंतागुंत नसल्याने ते स्वस्तही पडते. पण पेट्रोलबरोबर तेलही जळते, निळा धूर निघतो आणि काही इंधन न जळताच बाहेर जाते. फोर-स्ट्रोक इंजिनात स्फोट दोन फेऱ्यांनी एकदा होतो. जोर तेवढ्याने कमी, पण इंधन पुरते जळते. होंडाने १९६७ साली 'एन ३६०' काढली तेव्हा मोटारसायकलीचा अनुभव वापरून ३५४ सी.सी.चे फोर-स्ट्रोक इंजिन बसवले आणि त्यातून ३१ अश्वशक्ती काढून दाखवली. पुढे १९७० च्या दशकात धुराविषयीचे कायदे कडक झाले आणि टू-स्ट्रोकचे दिवस भरले.

६६० सी.सी.च्या मर्यादेत बहुतेक कारखानदार तीन सिलिंडरांवर स्थिरावले. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २२० सी.सी. आले, आपल्याकडच्या एखाद्या मोटारसायकलीएवढे. सुझुकीच्या दोन इंजिनांची मापे पाहिली म्हणजे या धंद्यातले डोके दिसते. आधीच्या के६ए इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ६०.४ मिलिमीटर होती. २०११ सालच्या आर०६ए इंजिनात व्यास ६४ आणि धाव ६८.२ झाली. दोन्हींचे आकारमान ६५८ सी.सी.च. मग फरक काय पडला? अरुंद आणि लांब सिलिंडरमध्ये ज्योतीला थोडेच अंतर कापावे लागते, उष्णता भिंतींतून कमी वाया जाते, आणि कमी फेऱ्यांवरच इंजिन चांगले ओढते. शहरात गाडी क्षणोक्षणी थांबते आणि निघते. तेथे शर्यतीच्या वेगापेक्षा हे ओढणेच कामाचे. अंगात ताकद तेवढीच असली तरी पोते कसे उचलावे हे ज्याला कळते तो हमाल कमी थकतो, तसेच हे आहे.

आता त्या दोन मीटरच्या मर्यादेकडे परत येऊ. पुष्कळ वर्षे केई मोटार म्हणजे मोठ्या मोटारीची आखूड केलेली नक्कल होती. छत सुमारे १.४ मीटरवर, आणि माणूस पाय पसरून जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखा. लांबी-रुंदीची इंच न् इंच जागा वापरून झाली, पण डोक्यावरची जागा कायद्याने दिलेली असूनही रिकामी होती. होंडाने १९७२ साली 'लाइफ स्टेप व्हॅन'मध्ये आणि मित्सुबिशीने १९९० साली 'मिनिका टोप्पो'मध्ये छत उंच करून पाहिले. परंतु रूढी मोडली ती सुझुकीच्या वॅगन-आरने, सप्टेंबर १९९३ मध्ये.

तिच्यामागचा विचार साधा आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे गुडघे काटकोनात असतात. जमिनीवर पाय लांब करून बसलेल्याला दुप्पट जागा लागते. बैठक उंच केली की पाय खाली सोडता येतात, पुढे पसरावे लागत नाहीत, आणि तेवढ्याच लांबीत मागच्यांच्या गुडघ्यांना जागा मिळते. बैठकीची उंची माणसाच्या कमरेजवळ आली की चढताना चढावे लागत नाही आणि उतरताना उठावे लागत नाही. चालवणाऱ्याला रस्ता दूरवर दिसतो. बैठकीखाली सामानाला कप्पा मिळतो. जपानात म्हाताऱ्यांची संख्या वाढत होती, बाजारहाट आणि मुलांची ने-आण करणाऱ्या स्त्रिया मोटार चालवू लागल्या होत्या. त्यांना ही गाडी भावली. १९९५ साली दायहात्सूची 'मूव्ह' आली, २००३ साली तिच्याहून उंच 'टांटो', आणि २०११ च्या अखेरीस होंडाची 'एन-बॉक्स', जिची उंची पावणेदोन मीटरच्या वर आहे. होंडाने पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकांखाली सरकवून मागची जमीन सखल केली. हीच एन-बॉक्स पुढे अनेक वर्षे जपानात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली.

उंचीला दंडही भरावा लागतो, हे लपवू नये. उंच गाडी वळणावर कलते, आडव्या वाऱ्याने डुलते, आणि वेगाने जाताना छाती पुढे करून वाऱ्याला अडवते म्हणून इंधन अधिक खाते. त्यासाठी इंजिन, टाकी अशा जड वस्तू खाली ठेवतात. तरीही ती मुळात गावातल्या फिरण्याची गाडी आहे, हे ओळखूनच चालवावी.

मग आपल्या देशात काय घडले? जपानने नियम केला त्याच सुमारास आपल्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी लहान मोटारीच्या खटपटीला लागले होते. त्यांनी 'मीरा' या मोटारीचे एकामागून एक नमुने बांधले आणि १९७० च्या दशकापर्यंत हा ध्यास सोडला नाही. नमुने रस्त्यावर धावले, पण कारखाना उभा राहिला नाही. जपानात लहान गाडीला कायद्याने जागा करून दिली होती. आपल्याकडे लहान माणसाच्या खटपटीला तशी जागा नव्हती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिचे घराणे सुझुकीच्या केई गाडीचेच, फक्त इंजिन ७९६ सी.सी.चे. ती बसकी होती. डिसेंबर १९९९ मध्ये वॅगन-आर येथे आली. आपल्याकडे केईची मर्यादा नसल्याने तिला १०६१ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन मिळाले. २०१० साली त्याऐवजी ९९८ सी.सी.चे तीन सिलिंडरांचे आले. माप ठरवून कर कमी करण्याची रीत आपल्या सरकारने २००६ च्या अर्थसंकल्पात उचलली: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील जी.एस.टी. १८ टक्के झाला आहे.

आणि आता पुण्यात घडलेली 'नॅनो'. टाटा मोटर्सच्या तेथील अभियंत्यांनी, गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली, ही मोटार घडवली. १० जानेवारी २००८ रोजी ती दिल्लीत दाखवली गेली, मार्च २००९ मध्ये बाजारात आली. पावसात स्कूटरवर जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना ही कल्पना सुचली. तिची मापे पाहा: लांबी ३.१ मीटर, रुंदी जवळजवळ दीड मीटर, उंची १.६५ मीटर, इंजिन ६२४ सी.सी.चे, दोन सिलिंडरांचे, मागे बसवलेले. रुंदीला दीड सेंटिमीटर कमी असती तर ती जपानच्या केई मापात बसली असती. बाहेरून मारुती ८०० पेक्षा आखूड, पण छत उंच आणि इंजिन मागे असल्यामुळे आत जागा ऐसपैस. अभियंत्यांचे काम मोठे होते, यात शंका नाही.

तरी ती चालली नाही. ज्या वर्षी दाखवली त्याच वर्षी सिंगूरच्या जमिनीच्या वादात कारखाना तेथून हलवून गुजरातेत साणंदला न्यावा लागला. पण तेवढेच कारण नव्हे. तिची ओळखच 'एक लाखाची, सर्वांत स्वस्त मोटार' अशी करून देण्यात आली. मागे सामान ठेवायला बाहेरून उघडणारे दार आरंभी नव्हते. ते २०१५ साली आले. ज्या कुटुंबासाठी ती घडवली, त्यानेच ती नाकारली. मी कामगारांत तीस वर्षे वावरलो आहे, मला याचे नवल वाटत नाही. गरीब माणूस पै-पैचा हिशेब करतो हे खरे. पण 'हे गरिबांसाठी आहे' अशी पाटी लावलेली वस्तू दारात उभी करायला त्याला आवडत नाही. स्वस्त म्हणून ओळख देण्यात चूक झाली, असे स्वतः रतन टाटांनीही पुढे सांगितले. २०१८ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले.

वॅगन-आरचे उलट झाले. ती सर्वांत स्वस्त कधीच नव्हती. तिने सोय विकली, आणि देशात सर्वाधिक खपणाऱ्या मोटारींत ती अनेक वर्षे राहिली. परंतु तिच्या बाजूनेही आंधळेपणाने बोलू नये. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टकरीच्या चाचणीत २०१४ साली नॅनोला पाचांपैकी एकही तारा मिळाला नाही, आणि २०२३ साली वॅगन-आरला मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी एकच तारा मिळाला. जपानने माणसाच्या बचावासाठी गाडीचे माप वाढवून दिले, हे मघाशी सांगितले ते याचसाठी. आमचे भाड्याचे ड्रायव्हर दिवसाचे दहा-बारा तास या गाड्यांत बसतात. त्यांची कंबर बैठकीने वाचवली. त्यांचा जीवही वाचला पाहिजे, ही मागणी गिऱ्हाईक म्हणून आणि नागरिक म्हणून आपण केली पाहिजे.

या सर्वांतून मला एकच गोष्ट सांगायची आहे. लहान माणसासाठी वस्तू करायची तर पैशातून किती कापता येईल येथून आरंभ करू नये. त्याचे गुडघे कोठे येतात, त्याची कंबर किती वाकते, येथून करावा. जपानच्या कारागिरांना कायद्याने चोहोबाजूंनी बांधून टाकले होते. त्यांनी माणसाच्या शरीराकडे पाहिले आणि वरची मोकळी जागा त्यांना दिसली. घर, शाळेतले बाक, दवाखान्यातली खाट, कारखान्यातले यंत्र, सगळीकडे हाच नियम लावून पाहावा.

आमचा तो हमाल आता राहिला नाही. शेवटच्या दोन वर्षांत तो त्या गाडीतून स्वतःच्या पायांनी उतरत असे. तेवढे स्वातंत्र्य त्याला एका खुर्चीच्या उंचीने दिले.