तीन नकार, तीन प्रश्न

नवा करार मी प्रथम वाचला तो बी. ए.ला असताना, आणि तोही मराठी गद्याच्या ओढीने. येशू हे नाव आमच्या घरी परके नव्हते. कुराणात ते ईसा म्हणून येतात आणि माझी आजी त्यांचे नाव अदबीने घ्यायची. पण त्यांचा शिष्य पेत्र मला तिथेच भेटला.

पेत्र हा गालील सरोवरावरचा कोळी. मनाने भला, पण उतावळा. बाकीचे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे तो शेवटच्या रात्री येशूला छातीठोकपणे सांगतो. त्याच रात्री येशूला धरून महायाजकाच्या वाड्यात नेतात. अंगणात थंडी असते, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलेला असतो. दारावरची दासी पेत्राला हटकते, तूही त्यांच्यातलाच ना? तो नाही म्हणतो. शेकत उभा असताना आणखी दोनदा तेच विचारले जाते, दोनदा तो नाही म्हणतो. तेवढ्यात कोंबडा आरवतो. लक्षात घ्या, पहिल्या प्रश्नाच्या वेळी समोर तलवार नव्हती. एक दासी होती.

मी हे तेव्हा गोष्ट म्हणून वाचले. पुढे नोकरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांवर अफरातफरीचा आळ आला. आम्ही रोज एका डब्यात जेवत होतो. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारले, यांच्याशी तुमचा घरोबा कितपत? मी म्हणालो, कामापुरता. ते पुढे निर्दोष सुटले. माझा तो शब्द मात्र त्यांच्या कानावर गेला होता.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र पुन्हा जाळे घेऊन सरोवरावर गेलेला दिसतो. पहाटे काठावर पुनरुत्थित येशू आहे. त्याने कोळशाचा विस्तव केला आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. कोळशाच्या विस्तवासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो सबंध नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, त्या अंगणात आणि इथे. न्याहारी झाल्यावर येशू त्याला विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्यांदा पेत्र दुःखी होतो.

आपण म्हणतो, झाले गेले गंगेला मिळाले. इथे तसे कुणी म्हणत नाही. तू असे का केलेस, हाही जाब नाही. पण जखम जिथे आहे तिथेच बोट ठेवले जाते. आणि प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याच्यावर आपली मेंढरे सोपवतो, म्हणजे काम देतो. आपण माफ करतो खरे, पण किल्ल्या स्वतःजवळच ठेवतो.

पुढे ख्रिस्ती मंडळींनाही हे सोपे गेले नाही. इ. स. 250च्या सुमारास रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली. अनेक ख्रिस्ती डगमगले. काहींनी अर्पण केले, काहींनी केल्याचे दाखले विकत घेतले. छळ ओसरल्यावर ते परत आले. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना दार बंद. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याचे सहकारी म्हणाले, प्रायश्चित्त घेऊन येऊ द्या. हेच मत टिकले. पुढच्या एका छळात सक्ती नसतानाही जे ढळले, त्यांना 325च्या नाइसिया परिषदेने बारा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले. पेत्राला एक न्याहारी पुरली होती!

आमच्याकडच्या ‘तौबा’ शब्दाचा मूळ अर्थ परतणे. पण माणसाचा अपराध केला असेल तर त्या माणसाकडेही जावे लागते, असे आमचे मौलवीसाहेब बजावत. पेत्राची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते. ज्याला नाकारले, तोच समोर बसून विचारतो आहे.

माझे ते सहकारी निवृत्त होऊन कोकणात राहतात. मागच्या मे महिन्यात मी गेलो. बोलायचे ठरवून गेलो होतो. चहा झाला, आंब्यांच्या गप्पा झाल्या आणि माझी जीभ रेटेना. निघताना त्यांनी नातवाची निबंधांची वही माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘‘शुद्धलेखन बघ जरा. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.’’

वही तपासून झाली आहे. टपालाने पाठवता आली असती. रविवारच्या गाडीचे तिकीट काढले आहे.