शेजारी आपल्या रानात जखमी झाला तर जबाबदार कोण?



तोडणी सुरू झाली की आपल्या रानात किती माणसं येतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ऊसतोड मजूर, त्यांची पोरं, गाडीवान, वाढं न्यायला आलेले शेजारी. अशा वेळी काही अपघात झाला तर आपण चटकन म्हणतो, "तो माझ्या रानात आलाच कशाला?" कायद्यात या सवालाला किती वजन आहे, ते आम्ही येथे सांगत आहोत.

१९५९ साली बिहारमध्ये एका घरमालकाच्या शेजारणीच्या संडासाची भिंत पडली, म्हणून ती त्याच्या संडासाला जाऊ लागली. सांगूनही ऐकेना, तेव्हा त्याने वाटेत उघडी तांब्याची तार बांधून तीत करंट सोडला. बाई मेली. 'जागा माझी, ती बिनपरवाना आली' हा त्याचा बचाव १९६३ साली सुप्रीम कोर्टाने फेटाळला. बिनपरवाना आलेल्या माणसालाही कायद्याचं संरक्षण असतं आणि त्याच्यासाठी सापळा लावता येत नाही, असे कोर्टाने ठरवले.

रानडुकरासाठी उसाभोवती करंट सोडणाऱ्याची गत याहून वेगळी नाही. हयगयीने मृत्यू घडल्यास पूर्वी २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार ती ५ वर्षांपर्यंत आहे. माणूस मरू शकतो हे ठाऊक असून तार सोडली असे दिसले, तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. आकडा टाकला असेल तर वीजचोरीचा खटला निराळाच. शिवाय १८५५ च्या कायद्याप्रमाणे मयताचे पती किंवा पत्नी, आई-वडील व मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा लावता येतो.

म्हणून प्रत्येक अपघात मालकाच्या गळ्यात पडतो असे नाही. पावसात बांधावरून कोणी घसरला, तर तेवढ्याने मालक दोषी होत नाही. कोर्ट तीन गोष्टी पाहते: धोका मालकाला ठाऊक होता का, साध्या काळजीने तो टळला असता का, आणि ती काळजी घेतली का. आपण बोलावलेल्या माणसाबाबत जास्त काळजी अपेक्षित असते. लहान पोरांना तर पाटी वाचता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा एवढे करा. विहिरीला कठडा बांधा. बोअरवेलबाबत सुप्रीम कोर्टाने २०१० साली नियम घालून दिले आहेत: केसिंगभोवती जमिनीवर ३० व जमिनीखाली ३० सेंटिमीटर सिमेंटचा ओटा, तोंडाला पक्के झाकण, आणि बंद पडलेली बोअर तळापासून माती-दगडाने भरून काढणे. डुकरांसाठी लाईनची तार कदापि नको, क्षणभर झटका देणारे प्रमाणित यंत्र वापरा. नुकसान झालेच तर ताबडतोब वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करा.

चार सऱ्या डुकराने खाल्ल्या तर पुढच्या हंगामात ऊस पुन्हा येईल. शेजाऱ्याच्या घरातलं माणूस मात्र परत येत नाही.