शब्दांच्या मुळाशी : सिंटिलेशन

चांदण्या लुकलुकतात, त्याला खगोलशास्त्रज्ञ ‘सिंटिलेशन’ म्हणतात. एरवीच्या बोलण्यात इंग्रजांनाही ‘ट्विंकल’ पुरतो. मूळ लॅटिन ‘सिंटिला’, म्हणजे ठिणगी.

ही ठिणगी इंग्रजीत दोन वाटांनी आली. एक वाट ग्रंथांची. तिथं शब्दाचं रूप शाबूत राहिलं. दुसरी लोकांच्या जिभेची. बोलता बोलता अक्षरं जागा बदलतात. ‘नुकसान’चं ‘नुसकान’, ‘मतलब’चं ‘मतबल’ आपल्याकडेही होतंच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. तसाच ‘सिंटिला’मधल्या अक्षरांची उलटापालट होऊन जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्तॅन्सेल’ झाला आणि त्यातून इंग्रजीला दोन शब्द मिळाले. पहिला ‘टिन्सेल’ : आधी जरीचं कापड, पुढे नाताळच्या झाडावरची चमकी. दुसरा ‘स्टेन्सिल’, आणि हा खरा चकित करणारा. प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करायला टंकयंत्रावर चढवायचा तो मेणकागद आठवा. त्यात चमक कुठली? पण त्या फ्रेंच कुळातल्या क्रियापदाचा अर्थ होता झगमगत्या रंगांनी सजवणं. सजावटीवरून अर्थ नक्षीकडे आणि तिथून नक्षीच्या छापाकडे सरकला.

मला मात्र ‘सिंटिलेशन’ या शब्दाचं मोठं कर्तृत्व मँचेस्टरच्या एका अंधाऱ्या खोलीत दिसतं. अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की तिथं क्षणभर प्रकाशाचा बारीक ठिपका उमटतो. त्यालाही सिंटिलेशनच म्हणतात. १९०९ साली रदरफर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि विशीतला विद्यार्थी मार्सडेन हे ठिपके सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. आधी काळोखात बसून डोळे सरावू द्यायचे, मग एकेक ठिपका टिपायचा. यंत्र नाही, नुसती नजर. धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या कणांपैकी काही चक्क मागे फिरत होते. प्लॅटिनमच्या बाबतीत साधारण आठ हजारांत एक. याच निरीक्षणांवरून रदरफर्डनं १९११ मध्ये अणुकेंद्राची कल्पना मांडली. डोळे ताणून केलेल्या त्या मोजणीवर आजचं सारं अणुविज्ञान उभं आहे.

आता आकाशाकडे. हवेच्या कमी-जास्त तापलेल्या थरांतून ताऱ्याचा प्रकाश सतत वाकतो, म्हणून तारा लुकलुकतो. ग्रह मात्र बिंदू नसून छोटी चकती असल्यानं स्थिर दिसतो. सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे, म्हणजे सौरवाऱ्यामुळे, दूरचे बिंदूवत रेडिओस्रोतही असेच लुकलुकतात. ते अभ्यासायला अँटनी ह्युईश यांनी केंब्रिजला तारांचं भलंमोठं जाळं उभारलं. १९६७ मध्ये त्याच्या नोंदी तपासताना जोसेलिन बेल या विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी येणारे ठोके आढळले. तो पहिला पल्सार, म्हणजे लयीत ठोके देणारा तारा. १९७४ चं नोबेल मात्र ह्युईश आणि त्यांचे सहकारी राईल यांना मिळालं, बेल यांना नाही. ही गोष्ट अजूनही खुपते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची उटीजवळची ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीणही रेडिओस्रोतांची हीच लुकलुक टिपते, आणि तिच्यावरून सौरवाऱ्याचा वेग काढला जातो.